फुगे आलेत, वरून रंग मारला तर चालेल का?

प्रश्न: माझ्याकडे १९७२ची एमजीबी रोडस्टर ही जुनी स्पोर्ट्स कार आहे, दाराखालच्या सिलवर (दाराखालून लांबीने जाणारा पोकळ पत्रा) आणि पुढच्या चाकामागे रंगाला फुगे आलेत. पेंटर म्हणतो घासून पुट्टी भरू आणि रंग मारू. करू का?

उत्तर: अजिबात नको हो. फुगा बाहेर दिसतो म्हणजे गंज आतून आलाय, पुट्टी मारली तर काही महिन्यांत परत तिथेच फुगणार आणि पैसे गेलेच म्हणून समजा. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, टोक आत गेलं तर पत्रा संपला, कापून नवीन वेल्ड करायचा. आणि एमजीबीला वेगळी चासी नाहीये, सगळा भार बॉडीवर, त्यात रोडस्टरला छप्पर पण नाही, त्यामुळे सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा सपोर्ट लावा नाहीतर गाडी मधेच वाकते आणि मग दारं लागत नाहीत, हे निस्तरणं रंगापेक्षा महागात पडतं. पुढच्या चाकामागे विंगच्या (मडगार्डच्या) आत ओला चिखल साचून राहतो, तो खरवडून काढा.

उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), जोडांना सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), मग रंग. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) मारणार असाल तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा देणाराच लागतो. कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांत आतून मारायचं गंजरोधक मेण, मात्र रंग पूर्ण सुकल्यावरच, आधी मारलं तर रंग धरत नाही. सिलखालची पाणी जायची भोकं तेवढी वॅक्सने बुजवू नका, बरेच जण नेमकं तेच करतात!