फाहाईची पोटदुखी

प्रश्न : पांढऱ्या नागिणीच्या चिनी लोककथेत नागीण बाईच्या रूपात माणसाशी लग्न करते. तिथे सवत नाही, दुसरा प्रियकरही नाही. मग फाहाई हा भिक्षू नवरा-बायकोची ताटातूट का करतो? हा मत्सर म्हणायचा का? आणि तो खेकड्यात कसा गेला?

उत्तर : सगळे पाठ एकत्र कालवले की घोळ होतो. फंग मंगलुंगच्या 1624च्या कथेत मत्सराचा मागमूस नाही. तिथली नागीण, सोडून जायचा विचार केलास तर सारं शहर रक्तात बुडवीन, असं नवऱ्याला धमकावते. शेवटी तिला पकडायला भिक्षूनं दिलेलं भिक्षापात्र तिच्या डोक्यावर दाबून धरतो तो नवराच. फाहाई तिथे तारणहार आहे.

अठराव्या शतकातल्या नाटकांत मात्र दारू पिऊन उघड झालेलं तिचं खरं रूप पाहून घाबरून मेलेल्या नवऱ्यासाठी ती संजीवनी चोरून आणते, मुलाला जन्म देते. एवढी गुणाची बायको झाल्यावर भिक्षूच्या वैराला कारण हवंच. काही लोककथांनी ते पुरवलं : मागल्या जन्मी तो कासव होता आणि त्याच्या तोंडची सिद्धीची गोळी हिनं गिळली. म्हणजे हा मत्सर प्रेमातला नाही, तपश्चर्येतला आहे.

जिच्याखाली तिला कोंडलं ती हांगचौची लेइफंग मीनार 25 सप्टेंबर 1924 रोजी कोसळली. विटेनं इडापिडा टळते म्हणून लोक तळातल्या विटा उपसत होते! तेव्हा चिनी लेखक लू शुननं एका लेखात सरळ लिहिलं : भिक्षूनं आपली पोथी वाचावी, त्यानं नाक खुपसलं ते मत्सरानंच. आम्हालाही हेच पटतं.

खेकड्याची गोष्टही त्याच लेखात आहे. स्वर्गाचा राजा पकडायला निघाला तेव्हा फाहाई खेकड्याच्या कवचात लपला. पाहायचा असेल तर खेकडा अख्खाच लाल होईपर्यंत उकडा. पाठीचं कवच उघडून आतलं पिवळं खाऊन घ्या. खाली शंकूसारखी पातळ पिशवी दिसेल. ती बुडापासून सुरीनं अलगद कापून उलटी करा : मांडी घालून बसलेला भिक्षू! आपल्याकडे खेकडा तोडून मग शिजवतात, त्यात ही पिशवी फाटते. ते खेकड्याचं जठर आहे, खाऊ नका.

प्रश्न : नागिणीचं खरं रूप उघड करणारी ती दारू घरी करता येईल का?

उत्तर : नको. तिच्यात मनशीळ असते, म्हणजे विषारी आर्सेनिकचं खनिज. तापवली की तिचा सोमल होतो. पाचव्या महिन्याच्या पंचमीला चीनमध्ये ती मुलांच्या कपाळाला लावायचीही रीत होती. तीही उचलू नका.