चार मातृभाषा, इंग्रजीचा एक वर्ग

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले एकत्र बसतात. सर्वांना एकच पाठ कसा शिकवावा?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, पाठ एकच ठेवा, चुका मात्र ज्याच्या त्याच्या भाषेच्या अंगाने तपासा. तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असतात, म्हणून त्या घरातले मूल 'बस'ला सहज 'बस्सु' म्हणते. ते निष्काळजीपणे नव्हे, तर आपल्या भाषेच्या नियमाने बोलत असते, हे आधी वर्गाला सांगा, म्हणजे हसणे थांबेल. (अशा हसण्याने मुले बोलायला बुजतात.) 'झिरो'तल्या पहिल्या अक्षराचा (z) उच्चार उर्दूभाषक मुलाच्या घरचाच आहे, तो त्यालाच करून दाखवू द्या.

एक अडचण मात्र चौघांचीही सारखीच आहे : या भाषांत क्रियापद सहसा शेवटी येते. 'आई', 'चादर', 'विणते' अशी तीन कार्डे तीन मुलांच्या हाती द्या आणि इंग्रजी वाक्य म्हणताना 'विणते'वाल्या मुलाला मध्ये उभे करा. व्याकरणाची व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.