लोकर कातण्यासाठी लाकडी टकळी घरी, लेथशिवाय बनवता येईल का? लाकूड कोणते घ्यावे आणि वजन किती ठेवावे?

लेथ (लाकूड फिरवत ठेवून गोल घडवण्याचे यंत्र) जवळ नसताना लोकर कातण्याची लाकडी टकळी घरी बनवता येईल का, आणि येत असेल तर लाकूड कोणते व वजन किती, असे आपण विचारले आहे. टकळी घरी नक्की बनवता येते आणि नीट केली तर ती विकतच्या टकळीपेक्षा कमी प्रतीची ठरत नाही. मी हौसेने सुतारकाम करतो आणि लोकर कातणाऱ्या परिचितांना टकळ्या करून देतो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. लाकडाच्या जातीची चर्चा लोक गरजेपेक्षा जास्त करतात, असे माझे मत आहे. दांडी सरळ आहे की नाही आणि चकती त्या दांडीभोवती सगळीकडून सारखी आहे की नाही, या दोन गोष्टी साधल्या तर आंब्याच्या फळीचीही टकळी उत्तम फिरते; त्या साधल्या नाहीत तर शिसवी लाकडाचीही डगमगते.

शाळेत सूतकताईला वापरली जाणारी, लोखंडी तारेची आणि पितळी चकतीची टकळी कृपया नमुना म्हणून समोर ठेवू नका. ती कापसासाठी असते. कापसाचा तंतू आखूड असल्यामुळे त्याला भराभर आणि भरपूर पीळ द्यावा लागतो, म्हणून तिची चकती लहान असते आणि तिचे टोक बहुधा खाली टेकवून ती फिरवतात. लोकरीचा तंतू त्या मानाने लांब असतो आणि त्याला कमी पीळ पुरतो. त्यामुळे लोकरीची टकळी हवेत लोंबती ठेवता येते, आणि ती सावकाश परंतु बराच वेळ फिरणारी असावी लागते.

वजन ठरवण्यापूर्वी कोणती लोकर कातायची आहे ते ठरवावे. आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड असते, आणि तिचे घोंगडीसाठी कातलेले सूत जाड असते. अशा सुताला ३५ ते ४५ ग्रॅम वजनाची टकळी चालते. मेरिनोसारखी मऊ लोकर बारीक कातायची असेल तर २० ते २५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, कारण बारीक सूत पुरेसा पीळ बसण्याआधीच टकळीच्या भाराने तुटते. दोन धाग्यांना एकत्र पीळ देण्यासाठी मात्र ६० ग्रॅमची टकळीही सोयीची पडते.

हे वजन लाकूड कापण्याआधी काढता येते. ६ सेंमी व्यासाच्या आणि १ सेंमी जाडीच्या चकतीचे घनफळ सुमारे २८ घन सेंमी भरते. साग साधारण ०.६५ घनतेचा धरला तर ही चकती १८ ग्रॅमची होते, आणि शिसवी ०.८ च्या आसपास धरले तर २३ ग्रॅमची. ८ मिमी जाडीची आणि २८ सेंमी लांबीची सागवानी दांडी त्यात ९ ग्रॅमची भर घालते. म्हणजे सागाची टकळी, सूत अडकवायच्या तारेच्या आकड्यासह (हुकासह), २८ ग्रॅमच्या जवळपास जाते. चकती ७ सेंमीची केली तर तीच टकळी ३५ ग्रॅमपर्यंत पोहोचते, आणि दख्खनी लोकरीसाठी मी याच मापापासून सुरुवात करायला सांगेन.

यात एक मेख आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व जास्त असते. सारख्याच वजनाची आणि सारख्याच व्यासाची एक भरीव चकती आणि एक पातळ कडे घेतले, तर कड्याचे जडत्व चकतीच्या दुप्पट असते, त्यामुळे ते उशिरा थांबते. म्हणून चकतीचा मधला भाग खालच्या बाजूने पटाशीने थोडा खोलगट केला आणि कडा जाड ठेवली, तर हलकी टकळीही बराच वेळ फिरते. नवशिक्याला हाताने लोकर ओढून सोडायला वेळ लागतो, त्याला हा वेळ फार उपयोगी पडतो.

लाकडाविषयी थोडक्यात सांगतो. साग, शिसवी, आंबा, बाभूळ यांपैकी जे घरात किंवा सुताराच्या तुकड्यांत सापडेल ते घ्यावे, फक्त ते पूर्ण मुरलेले असावे. हळदूचे लाकूड बारीक आणि एकसारख्या पोताचे असते, गिरण्यांच्या बॉबिनसाठी ते वापरले जात असे. मिळाले तर सोडू नका. पांगारा फार हलका पडतो. फांदीचा आडवा काप काढून त्याचीच चकती करण्याची पद्धत दिसायला सुंदर असली तरी ती टाळावी. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जास्त आणि गाभ्याकडून सालीकडे कमी आकसते, म्हणून असा काप हमखास तडकतो. चकती फळीतूनच काढावी. शिसवी लाकूड घासताना नाकातोंडाला मास्क लावावा, कारण त्याची भुकटी अनेकांना बाधते.

आता मुख्य काम. बहुतेक जण आधी वर्तुळ कापतात आणि मग त्याचा मध्य शोधून छिद्र पाडतात. अशाने छिद्र केसभर तरी सरकतेच. उलट करावे. ड्रिलला होल सॉ लावला की त्याच्या मधले ड्रिलचे पाते आधी छिद्र पाडते आणि करवतीचे दाते त्याच छिद्राभोवती वर्तुळ कापतात, त्यामुळे मध्य आपोआप जुळतो. ६४ मिमीच्या होल सॉमधून सुमारे ६० मिमीची चकती निघते. ड्रिल फळीला काटकोनात राहिले पाहिजे, म्हणून ड्रिलचा स्टँड मिळाला तर तो अवश्य वापरावा. नंतर चकती एका बोल्टवर दोन्ही बाजूंनी वायसर घालून नटाने आवळावी, बोल्ट ड्रिलच्या चकमध्ये धरावा, ड्रिल वाईसमध्ये पक्के बसवावे आणि फिरत्या कडेवर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला ८० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने टेकवावा. कडेचा उंचवटा आधी ठोकळ्याला टकटक लागतो, मग आवाज हळूहळू सलग होतो. तो सलग झाला की चकती गोल झाली असे समजावे, आणि मग १२०, २२०, ३२० या क्रमाने गुळगुळीत करावी.

दांडीसाठी करवतीने कापलेल्या पट्टीपेक्षा फोडून काढलेली पट्टी चांगली, कारण फोडताना लाकूड रेषेच्या दिशेनेच सुटते आणि दांडी पुढे वाकत नाही. जाड भिंतीच्या बांबूची पेरांमधली पट्टीही चालते. रंध्याने ती आधी चौकोनी, मग अष्टकोनी करावी आणि शेवटी ड्रिलमध्ये धरून पॉलिशपेपरच्या मुठीत फिरवत गोल करावी. काचेवर घरंगळवून पाहिल्यास वाक कुठे आहे ते खालून दिसणाऱ्या फटीवरून लगेच कळते. चकती जिथे बसणार त्याच्या खाली दांडी किंचित जाड ठेवावी, म्हणजे वरून सरकवलेली चकती तिथे घट्ट अडकते. मी तिथे सरस लावत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चकती निघती असली की पुन्हा बसवता येते.

तोल पाहण्यासाठी दोन पोलादी फूटपट्ट्या कडेवर उभ्या करून समतल बसवाव्यात आणि त्यांवर टकळी आडवी ठेवावी. जड बाजू आपसूक खाली येऊन थांबते. तिथे पेन्सिलने खूण करावी, त्या बाजूचे लाकूड कडेजवळ, चकतीच्या तळाकडून घासावे आणि पुन्हा ठेवून पाहावे. टकळी कुठल्याही स्थितीत स्थिर राहू लागली की थांबावे. सुतासाठी कडेला खाच पाडायची असेल तर ती याच जड बाजूला पाडावी.

आकडा पितळी तारेचा करावा. तो दांडीच्या मध्यात बसला एवढे पुरत नाही. सूत ज्या बिंदूला लोंबते तो बिंदू दांडीच्या अक्षावर आला पाहिजे. तो २ मिमी जरी बाजूला असला तरी उत्तम तोललेली टकळीही थरथरते, आणि दोष मात्र चकतीला दिला जातो.

पॉलिशला चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात पुरे. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल लावू नये, ती वाळत नाहीत आणि लोकरीला डाग पडतात. जवसाचे तेल वाळते, परंतु त्याचे बोळे चुरगाळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते पसरून वाळवावेत. दांडी फार गुळगुळीत करू नये, नाहीतर सुताची कुकडी (दांडीवर गुंडाळलेले सूत) घसरते.

हे सारे जड वाटत असेल तर तुर्की पद्धतीची टकळी करून पाहा. तिला चकतीच नसते. एकमेकींतून जाणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या असतात, सूत त्यांभोवती गुंडाळले जाते आणि पट्ट्या काढल्या की गोळा तयार मिळतो. करवत, पटाशी आणि कानस यांवर ती होते आणि तोल बिघडला तर जड टोक थोडे घासले की काम भागते. आणि तरीही गोल चकतीच हवी असेल, तर पोळपाट-लाटणी करणाऱ्या कातारी कारागिराला मध्यात छिद्र असलेल्या दोन-तीन चकत्या काढून मागाव्यात. दांडी, तोल आणि आकडा हे मग घरी करता येते.