बुजवलेला चर खचून अपघात झाला, पण रस्ता कोणाचा तेच कोणी सांगेना. भरपाई कोणाकडे मागायची?

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं, बाकीच्यांसाठी आधी प्रकार थोडक्यात सांगतो. महापालिका हद्दीत तुमच्या कॉलनीच्या रस्त्यावर पाण्याची नवी लाईन टाकली, चर नुसता मुरूम लोटून बुजवला, वर ना डांबर ना काँक्रीट, पहिल्याच मोठ्या पावसात तो खचला आणि क्लास सुटल्यावर घरी येताना अंधारात वहिनींची स्कूटी त्यात गेली. पायाचं हाड मोडलं, प्लेट बसवली, शिकवणी बंद पडली. याला आता अडीच महिने होत आले. वॉर्ड ऑफिसातले जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणतात रस्ता पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा), पीडब्ल्यूडीवाले म्हणतात चर आम्ही खोदलाच नाही, पाणीपुरवठा खातं ठेकेदाराकडे बोट दाखवतं, आणि ठेकेदार वीस हजार द्यायला तयार आहे पण एका कागदावर सही मागतोय. तुम्ही विचारताय केस नेमकी कोणावर टाकायची.

सगळ्यांवर. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे शोधत फिरणं तुमचं कामच नाही, ते त्यांनी एकमेकांत भांडून कोर्टापुढे सांगायचं. तुम्ही फक्त एवढं बघा की आत्तापर्यंत जे जे तोंडी सांगितलं गेलंय ते त्यांच्याकडून कागदावर येईल आणि मुदत हातची जाणार नाही.

मुदतीचं आधी सांगतो कारण इथेच बहुतेकांचा घात होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ४८७. पालिकेवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर एक महिना थांबावं लागतं, आणि दावा ज्या कारणासाठी आहे ते घडल्यापासून, इथे अपघातापासून, सहा महिन्यांच्या आत लागला पाहिजे. निष्काळजीपणाच्या प्रत्येक केसला हे कलम लागतं का यावर कोर्टात वाद घालता येतो, नोटिशीचा महिना मुदतीतून वगळा असंही म्हणता येतं, पण हे वाद वकिलाने नाईलाज झाल्यावर घालायचे असतात, तुम्ही त्यांच्या भरवशावर बसू नका. नोटीस याच आठवड्यात जाऊ दे. आयुक्तांच्या नावे, प्रत पीडब्ल्यूडीच्या कार्यकारी अभियंत्याला आणि ठेकेदाराला. तारीख, वेळ, जागा (कोणत्या घरासमोर किंवा खांबाजवळ तेही), दुखापत आणि मागणीची रक्कम एवढं त्यात हवं. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घ्या, नुसती सही नको, सही कोणाची ते सहा महिन्यांनी त्यांनाच ओळखू येत नाही.

आता भरपाई. दावा वर्षानुवर्षं चालेल ही तुमची भीती खरी आहे, पण सुदैवाने आता आणखी एक वाट झालीये. खराब रस्त्यांबद्दल मुंबई हायकोर्टात २०१३ पासून एक सुओ मोटो, म्हणजे कोर्टाने स्वतःहून दाखल करून घेतलेली, जनहित याचिका चालू आहे, त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. पालिका हद्दीत हे ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. अर्जापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर ९ टक्के व्याज, आणि ही रक्कम नंतर ज्याची चूक त्या ठेकेदाराकडून नाहीतर अधिकाऱ्याकडून वसूल करायची. म्हणजे आधी तुम्हाला पैसे, कोणाची चूक ते मागाहून. तुम्हाला नेमकं हेच हवंय.

फक्त एक काळजी घ्या. उद्या पालिका म्हणेल हा तर चर होता, आदेश खड्ड्यांबद्दल आहे. म्हणून अर्जात सगळा क्रम लिहा, चर बुजवला, रस्ता वाहतुकीला खुला केला, मग पावसात खचून खड्डा पडला, तिथे बॅरिकेड नव्हतं, रिफ्लेक्टर नव्हता, दिवा बंद होता. माझ्या मते खुल्या रस्त्यावर असा खचलेला चर म्हणजे खड्डाच, दुसरं काय. अर्ज वहिनींच्या नावाने करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये तशी तरतूद आहे, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथेच चौकशी करा.

पुराव्यात मला एक गोष्ट खटकली. तुम्ही पाठवलेल्या केसपेपरवर "गाडीवरून पडल्याने" एवढंच लिहिलंय, जागेचा पत्ताच नाही. समोरचा वकील सगळ्यात आधी हेच दाखवणार की बाई कुठेतरी स्वतः घसरल्या. डॉक्टरांना कागद बदलायला सांगू नका, ते महागात पडेल. त्याऐवजी वहिनींचा जबाब पोलिसांत नोंदवा, आणि त्यांना उचलून रिक्षात बसवलं त्या दोन शेजाऱ्यांचेही. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, निष्काळजीपणाने ती झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं, ठाण्यात घेत नसतील तर तक्रार पोस्टाने एसपी किंवा पोलीस आयुक्तांना पाठवा. फोटो ज्या मोबाईलमध्ये काढलेत तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका, व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोतून तारीख आणि जागेची माहिती निघून जाते. मूळ फाईलच ठेवा, कोर्टात तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, वकील ते करून देतील.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की अपघातानंतर चौथ्या दिवशी रात्रीत कोणीतरी येऊन तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गेलं, आता पुरावाच गेला. अहो गेला कसला, मिळाला! रस्ता कोणाचाच नाही म्हणतात, मग रात्रीत बुजवला कोणी, कोणाच्या तोंडी हुकमावर, बिल कोणत्या खात्यात लागलं? त्या ठिगळाचे आजूबाजूच्या डांबरासकट फोटो काढा आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. आपल्याकडच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळा राग एकाच अर्जात काढू नका. रोड कटिंगच्या परवानगीसाठी एक अर्ज, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्व कालावधीची (काम झाल्यावर किती काळ ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायचे त्याची) अट यासाठी दुसरा, ब्लॉक बसवल्याच्या नोंदीसाठी तिसरा. परवानगीच्या कागदात बहुतेक वेळा रस्ता पूर्ववत कोणी करायचा हे स्पष्ट असतं, जेईंना ते माहीत असतं, तुम्हाला सांगत नाहीत इतकंच. या उत्तरांची वाट बघत नोटीस थांबवू नका मात्र.

कोणी म्हणालं पालिकेकडे निधी नव्हता, तर रतलाम नगरपालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सांगून ठेवलंय की पैसा नाही म्हणून मूलभूत कर्तव्य टाळता येत नाही. गाडीच्या विम्यातून फार आशा धरू नका, मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर मृत्यू, अवयव गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व अशासाठी असतं, हाड मोडल्याला त्यातून काही मिळत नाही. हेल्मेट घातलं होतं का ते कळवा, पायाच्या दुखापतीशी त्याचा संबंध नाही पण उलटतपासणीत विचारतातच.

ठेकेदाराचा कागद मी बघितला. "माझी कोणाविरुद्धही कसलीही तक्रार राहिलेली नाही" या ओळीखाली वीस हजारांत सही करायची नाही. नुसत्या ऑपरेशनचंच बिल त्याच्या कितीतरी पट आहे. पैशांची खरंच अडचण असेल तर घ्या, पण बँकेतून घ्या आणि पावतीवर "उपचार खर्चापोटी आगाऊ, बाकी सर्व हक्क राखून" असं लिहा. तो तयार नसेल तर राहू दे. आणि तो एवढा सही मागतोय म्हणजे चर त्याचाच होता हे त्याला पक्कं माहीत आहे, त्याचे मेसेज डिलीट करू नका.

घरपट्टी भरणं बंद करू का विचारलंत, तर नाही. तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते आणि भरपाईच्या मागणीशी तिचा काडीचा संबंध नाही. भरा, पावती ठेवा, नोटिशीचा मसुदा झाला की पाठवायच्या आधी मला एकदा दाखवा.