काय हुडकायलाव?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : भाच्याने जिओकॅशिंग म्हणून एक खेळ सांगितला, मोबाईलमध्ये अक्षांश-रेखांश टाकायचे आणि कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा. ॲप टाकलं पण आमच्या घराच्या आसपास एक ठिपका दिसेना. सोलापूरजवळ एका दिवसात हे होईल का? पोरं ९ आणि १३ वर्षांची आहेत आणि सासूबाई पण येणार म्हणतात.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : होईल की ताई, ठिपका नाही म्हणून काय अडतंय, डबा आपणच ठेवायचा. घरातल्या एकाने आदल्या दिवशी जाऊन लपवायचा, त्या जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे व्हॉट्सॲपवर टाकायचे आणि बाकीच्यांनी शोधायचा. आम्ही मागच्या डिसेंबरात हेच केलं, हिप्परग्याच्या तलावाकडं. तुळजापूर रोडला, शहरापासून जवळच आहे. तलाव इंग्रजांच्या काळातला, १८७१ चा, कागदोपत्री नाव एकरूख. थंडीत पक्षी असतात, मोकळं माळरान आहे आणि सासूबाईंना चटई टाकून बसायला लिंबाची सावली पण मिळते. उन्हाळ्यात मात्र या भानगडीत पडू नका, सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगणार.

आता आमचं काय झालं ते ऐका, कारण तुमचा निम्मा प्रश्न त्यातच सुटतो. डबा लपवायचं काम धाकट्या भावाकडं होतं, त्याने आठवडाभर आधीच जाऊन ठेवला आणि आकडे पाठवले. आम्ही सहाजण सकाळी आठला पोचलो, कडक भाकरी शेंगाचटणी बांधून घेतलेली, मोबाईल हातात. बाण दाखवतोय चाळीस मीटर, मग पंधरा, मग सहा, आणि मग तो बाण गरागरा फिरायला लागला. इथं सगळेच फसतात. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या जागेत पाचेक मीटरपर्यंत आणून सोडतो, झाडाखाली अजून चुकतो. तेवढं जवळ गेलात की मोबाईल खिशात टाकायचा आणि डोळ्यांनी बघायचं, कुठला दगड उगाच दुसऱ्यावर ठेवल्यासारखा दिसतोय ते. आकडे टाकताना पण जपून. हे मिनिट घड्याळाचं नव्हे, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानाला एक आकडा चुकला तर दोनच मीटरचा फरक, पण अख्खं एक मिनिट चुकलं की जवळपास दोन किलोमीटर लांब, म्हणजे बसा चालत.

तर आम्ही सहाजण एका बांधावर वाकून वाकून बघतोय आणि मागून आवाज आला, "काय हुडकायलाव?"

काका काठी घेऊन उभे. त्यांना पहिल्यांदा वाटलं आम्ही हायवेच्या मोजणीवाले, कारण सुरत-चेन्नई रस्त्याच्या जमिनीचं आपल्या जिल्ह्यात किती तापलंय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मोबाईल बघत रानात फिरणारा शहरी माणूस म्हणजे मोजणीवालाच. मी म्हटलं नाही हो काका, डबा शोधतोय. झालं, आता ते म्हणाले गुप्तधनवाले! लिंबू-नारळ कुठाय म्हणून आमची पिशवी बघितली, त्यात भाकरी. मग पुतणीने त्यांना पाच मिनिटं नीट समजावलं की हा खेळ आहे, तर काका काही न बोलता शेडमध्ये गेले आणि आमचाच डबा घेऊन आले. "ह्यो का?" त्यांना तो तिसऱ्या दिवशीच सापडला होता, बांध त्यांचा, भावाने विचारलं नव्हतं. डब्यात मोटारीचे नट-बोल्ट भरलेले आणि आतल्या वहीत, जिच्यात शोधणाऱ्याने नाव-तारीख लिहायची असते, तिच्यात चार दिवसांचा दुधाचा हिशोब. म्हणजे बघा, पहिली नोंद त्यांचीच! भावाने तिथल्या तिथं माफी मागितली, नट-बोल्ट त्यांचे त्यांना परत केले आणि वही पण त्यांनाच ठेवून घ्या म्हटलं.

म्हणून ताई, जागा ठरवायच्या आधी रानाच्या मालकाला विचारा. ॲपवर रीतसर डबा नोंदवायचा तरी हाच नियम आहे, जागेची परवानगी हवी, जमीन खोदून पुरायचा नाही, दुसऱ्याच्या डब्यापासून १६१ मीटर लांब हवा, आणि महत्त्वाचं म्हणजे ठेवून विसरायचा नाही, देखभाल तुमचीच. आणि दगडांच्या फटीत पोरांना हात घालू देऊ नका, आधी काठी. आपल्याकडं घोणस, फुरसं दोन्ही आहेत.

प्रश्न : डब्यात काय ठेवायचं? मुलगा म्हणतो खाऊ ठेवू.

उत्तर : खाऊ अजिबात नको. मुंग्या, कुत्री, मुंगूस, सगळे तुमच्याआधी शोधतील, त्यांना जीपीएस लागत नाही. गंमत अशी की या खेळाच्या पहिल्या डब्यात खायचा डबा होता. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, त्याआधी साध्या यंत्राला शंभरेक मीटर इकडंतिकडं व्हायचं. लगेच ३ मे ला ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक काळी बादली ठेवली, त्यात पुस्तकं वगैरे आणि बीन्सचा डबा, आणि आकडे इंटरनेटवर टाकले. नंतर लोक शहाणे झाले. तुम्ही गोट्या, खोडरबर, किचेन असलं ठेवा. एक वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. पेन्सिल ठेवा, पेन उन्हात वाळतो. डबा घट्ट झाकणाचा, वही प्लास्टिकच्या पिशवीत.

प्रश्न : नान्नजला माळढोकच्या अभयारण्यात ठेवला तर? जागा भारी आहे.

उत्तर : नाही. जागा भारी आहे म्हणूनच नाही. ते गवताळ रान काळवीट, लांडगा आणि उरल्यासुरल्या माळढोकसाठी राखलंय, पक्षी अंडी जमिनीवर घालतो आणि तुमची पोरं तिथं गवत तुडवत डबा शोधणार? दुर्बीण घ्या, परवानगी काढा, बघून या.

प्रश्न : हत्तरसंग कुडलला जाणारच आहोत, तिथं करता येईल का?

उत्तर : तिथं डबाच नको. जुन्या देवळाच्या दगडात काही कोंबायचं नाही, पण डब्याशिवाय पण हा खेळ होतो, जागेवर जाऊनच उत्तर मिळेल असा प्रश्न द्यायचा. कुडलला त्यासाठी खजिनाच आहे. भीमा-सीनेचा संगम, ३५९ मुखांचं शिवलिंग, आणि शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख, "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. पोरांना सांगा, लेखात शक कितवा ते शोधा, त्याचे आकडे पुढच्या ठिकाणाच्या अक्षांशात बसवा. माझा तेरा वर्षांचा भाचा त्या दगडापुढं पाऊण तास बसला होता, एरवी पाच मिनिटं एका जागी टिकत नाही. ९ ऐवजी ५ वाचला आणि आम्ही सगळे नदीच्या पात्राकडं निघालो ते वेगळं.