शेतीच्या अर्थशास्त्रावर एवढं संशोधन होतं, त्यातून कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं?

तुम्ही बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहात, एम.एस्सी.ला कृषी अर्थशास्त्र घ्यावं का या विचारात आहात, आणि 'चार गावांत फॉर्म भरून देशाचं धोरण कसं काय ठरतं' ही तुमची खरी शंका आहे, असं प्रश्नाखालच्या मजकुरावरून दिसतं. मी हाच विषय शिकवतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरूनच वाचा.

बरंचसं संशोधन पेपरसाठी होतं आणि पेपर बढतीसाठी, हे उघड गुपित आहे. पण चार गावांचा टोमणा तुम्ही नेमका चुकीच्या ठिकाणी मारलाय. विकसनशील देशांतल्या शेतीबद्दल जगभरच्या विद्यापीठांत जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग मोजक्या गावांवर उभा आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त गावं आपली आहेत. सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कंझरा आणि किनखेड, शिवाय तेलंगणातल्या महबूबनगरकडची औरेपल्ली आणि दोकूर. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९७५ पासून तिने या सहा गावांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक गावातून ४० घरं घेतली: १० भूमिहीन, बाकीची ३० लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. पाहणी करणारा माणूस गावातच मुक्कामाला असायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन काय पेरलं, काय विकलं, उसनं कुणाकडून घेतलं, मजुरी किती मिळाली हे सगळं टिपायचा. काही गावांत असं दहा वर्षं चाललं, आणि २००१ नंतर काम पुन्हा हाती घेतलं गेलं.

गावं थोडी, पण वर्षं बरीच, यातच खरी ताकद आहे. एकाच हंगामाच्या पाहणीत शेतकरी कसा जगतो ते कळतं. दुष्काळाच्या वर्षी तोच शेतकरी काय करतो ते कळायला त्याच दारात पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आता एक प्रयोग जरा सविस्तर सांगतो, कारण वर्गात पोरं त्यावरच सगळ्यात जास्त भांडतात. कोरडवाहू शेतकरी नवीन बियाणं, खत लवकर घेत नाही. का, तर तो भित्रा, अडाणी, असा साहेबलोकांचा समज. हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञाने २४० घरांत दोन प्रकारे चाचणी घेतली. एक, तोंडी प्रश्न. दुसरी, खऱ्या पैशांचा डाव. नाणं उडवायचं. एक पर्याय असा की छापा पडो की काटा, ५ रुपये नक्की. दुसऱ्या टोकाला एका बाजूवर शून्य, दुसऱ्या बाजूवर २० रुपये. मधे कमी-जास्त जोखमीच्या पायऱ्या. सुरुवात ५० पैशांनी, मग हळूहळू रक्कम वाढवत न्यायची. शेवटच्या मोठ्या डावात मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त पैसे पणाला लागलेले. १९८० मध्ये निकाल छापून आले. तोंडी उत्तरं आणि डावातलं वागणं यांचा एकमेकांशी मेळच बसेना. आणि रक्कम मोठी झाल्यावर जवळजवळ सगळेच सारखे सावध झाले, मग तो बागायतदार असो की भूमिहीन.

म्हणजे गरीब शेतकरी स्वभावाने भित्रा नाही. डाव फसला तर सावरायला त्याच्याकडे काही नाही, एवढाच फरक. याच गावांच्या आकड्यांवरून १९९३ मध्ये बिन्सवांगर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी अंदाज काढला की पाऊस सुरू होण्यातली अनिश्चितता एका ठरावीक मापाने कमी झाली, तर सर्वांत गरीब पाव हिश्श्यातल्या शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांपर्यंत वाढेल. श्रीमंतांच्या नफ्यात मात्र जवळजवळ फरक पडत नाही, कारण ते पावसाला भिऊन पीक निवडतच नाहीत. गरीब माणूस दरवर्षी कमी उत्पन्नाचं पण खात्रीचं पीक घेऊन जणू स्वतःच विम्याचा हप्ता भरतो, आणि तो हप्ता कुठल्याच सरकारी तक्त्यात दिसत नाही.

सोलापूरकडच्या भारी काळ्या रानात खरीप रिकामा का ठेवतात, हेही यात बसतं. बाहेरच्या माणसाला ते आळशीपणाचं वाटतं. पण जून-जुलैचा पाऊस तिकडे बेभरवशाचा, आणि पडलाच तर त्या चिखलात पाऊल घालता येत नाही, खुरपणार कधी? त्यापेक्षा ओल जमिनीत मुरू द्यायची आणि परतीच्या पावसावर मालदांडी ज्वारी पेरायची.

मग वाईट वर्षी हे लोक तगतात कसे? रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांचे आकडे घेऊन दाखवलं की एखाद्या घराचं खाणं-पिणं त्याच्या स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलतं. उसनवारी, देणंघेणं, भाऊबंद यांतून गाव एकमेकांना धरून राहतं. तीनपैकी एका गावात मात्र भूमिहीनांना हा आधार कमी मिळताना दिसला. पुढे या निष्कर्षांवर बरीच टीकाही झाली, ती वाचाच. पण दुष्काळ सगळ्या गावावर एकदम आला तर शेजारी तरी कुठून देणार? तिथे सोयरीक कामी येते. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचा १९८९ चा अभ्यास सांगतो की ज्यांच्या शेतीचं उत्पन्न जास्त वर-खाली होतं, ते लेकी लांबच्या गावी देतात. व्याह्याच्या गावात पाऊस वेगळा पडलेला असतो. माझ्या आजीला हे पेपराशिवाय ठाऊक होतं, हा भाग वेगळा.

धोरणाचं म्हणाल, तर रोजगार हमी कुठल्या संशोधनातून जन्मली नाही. ती विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून आणि १९७२ च्या दुष्काळातून आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पैसा उभा राहिला शहरातल्या पगारदारांवरच्या व्यवसाय करातून. आजही पगारपत्रकावर दरमहा जे २०० रुपये कापलेले दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे. संशोधन नंतर आलं. १९८६ च्या एका अभ्यासात रोहयो असलेल्या महाराष्ट्रातल्या गावांतल्या भूमिहीनांची कमाई योजना नसलेल्या तेव्हाच्या आंध्रातल्या गावापेक्षा खूपच कमी हेलकावे खाताना दिसली, निम्म्याच्या आसपास. २००५ चा केंद्राचा कायदा होताना महाराष्ट्राचा अनुभव टेबलावर होता, आणि तो नुसत्या भाषणांचा नव्हता.

विम्याचं उलट झालं. पावसाच्या मोजणीवर भरपाई देणारा विमा कागदावर उत्तम. २००३ पासून महबूबनगरमध्ये विकायलाही ठेवला. आंध्र आणि गुजरातमध्ये प्रयोग करून पाहिले, तर घेणारे थोडेच. पेरणीच्या तोंडावर हातात रोख नसते, आणि कंपनीवर भरवसा नसतो, ही त्यातली दोन मोठी कारणं. आपल्याकडे २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, त्याने पहिली अडचण मिटली. भरवशाचं काय, ते भरपाईसाठी खेटे घालणाऱ्याला विचारा. शिवाय बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला आणि २०२५ मध्ये योजना बंद झाली.

विषय घ्यायचा तर घ्या, पण संख्याशास्त्राला घाबरत असाल तर आधी त्याचं बघा, नाहीतर दुसऱ्या सेमिस्टरला रडाल. इक्रिसॅटच्या या गावांची माहिती अभ्यासकांना उपलब्ध आहे. शिरापूरचं एक घर निवडा आणि त्याची दहा वर्षं ओळीने लावून बघा: बैल कधी विकले, कर्ज कधी वाढलं, ज्वारीखालचं क्षेत्र कधी घटलं. त्यात रात्र कधी सरली कळलं नाही, तर प्रवेशाचा फॉर्म भरा. कंटाळा आला तर ॲग्रोनॉमीही वाईट नाही.