आरामखुर्ची घासायची की राखायची?

प्रश्न : सासऱ्यांची जुनी सागवानी आरामखुर्ची आहे. हातांवरचं पॉलिश काळं पडलंय आणि पाठीवर पांढुरके डाग उमटलेत. सुतार म्हणतो, सगळं घासून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारू. घरी काही जमेल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, सुताराला जरा थांबवा. खुर्ची उलटी करा आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा खालच्या पट्टीवर मिनिटभर दाबा. चिकट लागलं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. मग सगळं खरवडायचं कारणच नाही.

खुर्ची कूलरसमोर असते ना? दमट हवेत चपडा असा पांढरा पडतो. सुती कापड स्पिरिटनं जेमतेम ओलसर करून डागावरून भरभर फिरवा, कुठेही थांबू नका. वरचा थर किंचित विरघळून पुन्हा बसतो आणि बहुतेक डाग जातो.

हातांवरचा काळा थर घामाचा नि तेलाचा. तो टर्पेंटाइननं पुसा. उरलेला २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, लाकडाच्या रेषेनंच. आडवे ओरखडे पॉलिशखाली चांगलेच उठून दिसतात. मग लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, गाळा आणि पातळ कोट द्या. एकाच जाड कोटात काम उरकणाऱ्यांचा मला रागच येतो!

मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर मात्र बसू नका. आपल्याकडच्या उन्हात स्पिरिट हातातल्या हातात उडतं. सकाळीच करा, खिडक्या उघड्या, गॅस बंद. पावसाळ्यात तर नकोच.

पीयू पाण्याला जास्त टिकतं, खरंय. पण ते खरचटलं की घरी जुळवणं कठीण.